मिनेसोटात बर्फावरचं फिश हाऊस भाड्याने घ्यायचंय? निघण्याआधी हे वाचा

डिसेंबर उजाडला की ट्विन सिटीजमध्ये, म्हणजे मिनीआपोलिस-सेंट पॉलमध्ये, नव्याने आलेल्या मराठी मंडळींचा एक प्रश्न हमखास येतो. तळी गोठलीत, त्यांवर झोपड्या उभ्या राहिल्यात, बर्फात भोक पाडून मासे पकडायला लोक पिकअप घेऊन थेट बर्फावर जातायत. आपल्यालाही जाता येईल का? ऑगर (बर्फात भोक पाडायचं यंत्र) नाही, हीटर नाही, बर्फातलं काही कळत नाही, आणि हे सगळं विकत घ्यायचं म्हटलं तर खिसा रिकामा.

जाता येतं, आणि विकत काहीही न घेता. रिसॉर्टवाले झोपडी, हीटर, पाडलेली भोकं आणि तिथवरची ने-आण असं सगळं भाड्याने देतात. पण बुकिंग करताना बहुतेक जण झोपडीचेच फोटो बघत बसतात. बंक किती आहेत, टीव्ही आहे का, खाली गालिचा आहे का. मला विचाराल तर पैसे मोजायचे ते मालकाला असलेल्या बर्फाच्या माहितीचे. रोज सकाळी बर्फ मोजणारा, भेग पडली की रस्ता वळवणारा आणि "या शनिवारी नका येऊ, बर्फ अजून बसला नाही" असं तोंडावर सांगणारा माणूस गाठलात, तर झोपडी साधी असली तरी काही बिघडत नाही.

१. आधी ठरवा: दिवसभरासाठी की मुक्कामाला?

झोपडीला इथे फिश हाऊस, आइस हाऊस किंवा नुसतं शॅक म्हणतात. भाड्याने मिळणारे प्रकार मोजकेच आहेत.

डे हाऊस म्हणजे दिवसभराची झोपडी. सकाळी तुम्हाला तिथे नेऊन सोडतात, संध्याकाळी परत किनाऱ्यावर आणतात. आत बाकडी किंवा खुर्च्या, भिंतीवर प्रोपेनचा हीटर आणि जमिनीत ओळीने भोकं. पहिल्या खेपेला हेच घ्या, विशेषतः लहान मुलं किंवा भारतातून आलेले आई-बाबा बरोबर असतील तर. कुणाला थंडी सोसली नाही, कंटाळा आला, तर संध्याकाळी सुटका आहे.

स्लीपर म्हणजे मुक्कामाची झोपडी. त्यात बंक, गॅसची शेगडी, दिवे, थोडी भांडी असतात. शौचालयाची सोय जागोजागी वेगळी: कुठे आतच पिशवी लावलेली बादली, कुठे बाहेर छोटी खोकी, कुठे नीट केमिकल टॉयलेट. हे विचारायला लाजू नका. उणे २५ सेल्सिअसमध्ये मध्यरात्री हा प्रश्न फार मोठा होतो.

व्हीलहाऊस हे चाकांवरचं घर, गाडीला जोडून न्यायचं. काही ठिकाणी ते तुमच्या ताब्यात देतात आणि तुम्हीच ओढून न्या म्हणतात. त्याला दणकट पिकअप लागते आणि खाली २० इंचांच्या आसपास बर्फ लागतो. नवख्याने त्या वाटेला जाऊ नये.

चौथा प्रकार म्हणजे घडीचा तंबू, पॉप-अप. भाडं सगळ्यात कमी, पण बर्फ मोजणं, भोकं पाडणं, हीटर सांभाळणं सगळं तुमच्यावर. शिवाय तो तळ्यावर उभा ठेवून तुम्ही १०० फुटांपलीकडे गेलात तर त्याला वेगळा परवाना लागतो. जाणता माणूस सोबत असेल तरच हा विचार करा.

रिसॉर्टच्या झोपडीच्या परवान्याची जबाबदारी मालकाची.

२. तळं निवडा

मिल लॅक्स हे मिनीआपोलिसहून दोन तासांच्या आत येणारं मोठं तळं. डे हाऊस करून रात्री घरी परत येता येतं. गॅरिसन आणि आइल ही तिथली गावं. अडचण एकच: वॉलआय या माशाचे नियम तिथे हंगामागणिक बदलतात, आणि कधीकधी इतके कडक असतात की दिवसभर बसून एखादाच मासा घरी नेता येतो किंवा तोही नाही. मासे खायला नेणं हा मुख्य हेतू असेल तर त्या हंगामाचा नियम वाचून मगच बुकिंग करा.

लेक ऑफ द वुड्स हे अगदी उत्तरेला, कॅनडाच्या सीमेवर. बॉडेट आणि वॉररोड ही गावं. ट्विन सिटीजहून साडेचार-पाच तास धरा, हिमवर्षाव असेल तर जास्त. झोपड्या भाड्याने देण्याचा धंदा तिथे मोठा आहे, सोयी चांगल्या आहेत, वॉलआय आणि त्याचा भाऊबंद सॉगर भरपूर. हंगामही लांब: बाकीच्या बहुतेक तळ्यांवर वॉलआय फेब्रुवारीच्या शेवटी बंद होतो, इथे १४ एप्रिलपर्यंत चालू असतो. मुक्काम करायचा तर माझी पसंती हीच.

पण व्हिसावर असलेल्यांसाठी इथे एक सापळा आहे. या तळ्यावरचा नॉर्थवेस्ट अँगल हा तुकडा अमेरिकेचा असला तरी रस्त्याने तिथे जायला कॅनडातून, मॅनिटोबातून जावं लागतं. भारतीय पासपोर्ट आणि एच-वन असेल तर कॅनडाचा व्हिसा हवा, आणि परत येतानाचा प्रश्न वेगळाच. ग्रीन कार्डवाल्यांना कॅनडाचा व्हिसा लागत नाही, पण पासपोर्ट आणि कार्ड दोन्ही जवळ हवं. २०२१ च्या हिवाळ्यात सीमा बंद असताना तिथल्या लोकांनी तळ्यावरूनच, अमेरिकेच्या हद्दीतून, बर्फाचा रस्ता काढला होता. काही रिसॉर्ट बर्फावरून ने-आण करतात. तरीही "अँगल"मधलं स्वस्त बुकिंग दिसलं म्हणून बटण दाबू नका. आधी विचारा, येणार कुठून? कागदपत्रांचा जरा जरी घोळ असेल तर बॉडेटच्या बाजूचं रिसॉर्ट घ्या आणि निर्धास्त राहा.

अपर रेड लेक उथळ आहे, म्हणून लवकर गोठतं आणि हंगामाच्या सुरुवातीला तिथे झुंबड उडते. दोन गोष्टी ध्यानात ठेवा. तळ्याचा पूर्वेकडचा भागच सर्वांसाठी खुला आहे, उरलेलं पाणी रेड लेक नेशन या मूळ रहिवासी जमातीचं, तिथे बाहेरच्यांना मासेमारीची मुभा नाही. आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे बर्फाचा मोठा तुकडा किनाऱ्यापासून सुटून दोनशेच्या आसपास माणसं अडकली होती. डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा तेच झालं, शंभराहून जास्त लोकांना सोडवून आणावं लागलं. "पहिला बर्फ" हा इथल्या मुरलेल्यांचा शौक आहे. तुम्ही जानेवारीचा मध्य ते फेब्रुवारीचा मध्य धरा.

३. फोन करा, आणि हे प्रश्न विचारा

ऑनलाइन बुकिंगची सोय असली तरी एकदा फोन कराच. माणूस कसा बोलतो त्यावरून पुष्कळ कळतं. यादी जवळ ठेवा:

- झोपडीपर्यंत आम्हाला तुम्ही नेणार की आमची गाडी आणायची?
- भाडं माणशी आहे की झोपडीचं? किमान किती माणसांचे पैसे द्यावे लागतात?
- बर्फ चांगला नसेल तर पैसे परत, की दुसरी तारीख? हे कोण ठरवणार?
- रॉड, आमिष, गरी भाड्यात आहे की वेगळं?
- दिवसातून किती वेळा कुणी विचारपूस करायला येतं? मासे लागत नसतील तर झोपडी हलवता का?
- झोपडीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे का?
- मोबाइलला रेंज आहे का? नसेल तर रात्री मदत हवी झाली तर काय करायचं?
- अंथरूण-पांघरूण मिळतं का? (बहुतेक ठिकाणी मिळत नाही, स्लीपिंग बॅग आणावी लागते.)
- मासे साफ करून मिळतात का, माशामागे किती घेता?

किमान माणसांचा मुद्दा मुद्दाम सांगतो. "माणशी अमुक डॉलर" वाचून चौघं जातात आणि तिथे कळतं की ही झोपडी सहांची आहे, पैसे सहांचेच. आमच्या एका ग्रुपला हा फटका बसलाय, नियम वेबसाइटच्या तळाशी बारीक अक्षरात होता. नाव घेत नाही, कारण हे बऱ्याच ठिकाणी चालतं.

पैसे परत करण्याबद्दलही स्पष्ट बोला. साधारण रीत अशी की बर्फ धोक्याचा आहे असं रिसॉर्टने ठरवलं तर ते तारीख बदलून देतात किंवा पैसे परत करतात. पण तुमच्या गावात वादळ आलं, गाडी निघाली नाही, मुलाला ताप आला, तर डिपॉझिट गेलं समजा. २०२३-२४ चा हिवाळा इतका उबदार होता की तळ्यांवर बर्फच नीट धरला नाही आणि राज्यभर बुकिंगं रद्द झाली. तेव्हा ज्यांनी हे आधी विचारून ई-मेलवर लिहून घेतलं होतं, त्यांची भांडणं वाचली.

जानेवारी-फेब्रुवारीचे शनिवार-रविवार लवकर भरतात. मधल्या वारी गेलात तर भाडंही बऱ्याचदा कमी आणि तळंही शांत.

४. मासेमारीचा परवाना

झोपडीच्या भाड्यात मासेमारीचा परवाना येत नाही. ही चूक सर्रास होते. गळ टाकणाऱ्या, १६ किंवा त्याहून मोठ्या प्रत्येकाचा परवाना वेगळा. नुसतं बसून चहा पिणाऱ्याला लागत नाही, पण "जरा माझा रॉड धर" म्हणून आईच्या हातात दिलात तर ती मासेमारीच झाली. तपासणीला कॉन्झर्वेशन ऑफिसर झोपडीचं दार ठोठावून येतात.

परवाना राज्याच्या डीएनआरच्या (नैसर्गिक संसाधन खात्याच्या) वेबसाइटवर, फोनवर किंवा आमिषाच्या दुकानात मिळतो. पूर्ण वर्षाचा, ७ दिवसांचा, ७२ तासांचा, २४ तासांचा असे प्रकार आहेत. वर्षाचा परवाना १ मार्चला सुरू होऊन फेब्रुवारीच्या शेवटी संपतो. म्हणजे मागच्या उन्हाळ्यात काढलेला परवाना जानेवारीत चालतो, मार्चच्या सहलीला चालत नाही. लेक ऑफ द वुड्सला मार्चमध्ये जाणारे इथेच फसतात.

रहिवासी दर मिळायला मिनेसोटात किमान ६० दिवस राहिलेलं असावं लागतं. नव्याने बदली होऊन आलेल्यांनी तारीख मोजून घ्यावी. जवळ ठेवायचं ते असं:

- मिनेसोटाचं ड्रायव्हिंग लायसन्स किंवा स्टेट आयडी
- सोशल सिक्युरिटी नंबर
- पाहुण्या आई-बाबांसाठी त्यांचा पासपोर्ट. ते नॉनरेसिडेंट, त्यांना २४ तासांचा परवाना पुरतो. त्यांना घेऊन थेट परवाने देणाऱ्या दुकानात जाणं सगळ्यात सोपं
- परवान्याची प्रिंट किंवा फोनमध्ये ठेवलेली प्रत (थंडीत फोनची बॅटरी झटकन उतरते, म्हणून कागद बरा)

मुलं १५ किंवा त्याहून लहान असतील तर एक सोय माहीत असू द्या. जानेवारीत मार्टिन ल्यूथर किंग दिनाच्या जोडून आलेल्या सुट्टीत "टेक अ किड आइस फिशिंग वीकेंड" असतो. त्या तीन दिवसांत मुलांना घेऊन मासेमारी करणाऱ्या राज्यातल्या रहिवाशांना परवाना लागत नाही. पहिल्यांदा चाखून बघायला याहून स्वस्त संधी नाही.

५. बर्फ: यात काटकसर नाही

तळ्यांवर जाऊन बर्फ मोजायचं काम सरकार करत नाही. डीएनआर फक्त मार्गदर्शक आकडे देतं, आणि तेही स्वच्छ, नव्या, काचेसारख्या बर्फासाठी:

- पायी चालायला: ४ इंच
- स्नोमोबाइल किंवा छोटी एटीव्ही: ५ ते ७ इंच
- छोटी कार: ९ ते १० इंच
- मध्यम पिकअप: १३ इंच

दुधाळ पांढरा बर्फ असेल तर हे आकडे दुप्पट धरायचे. त्यात हवा आणि वितळून पुन्हा गोठलेला हिम असतो, ताकद निम्मी. जाडी सगळीकडे सारखीही नसते. नदीच्या मुखाशी, झऱ्यावर, दोन बेटांमधल्या चिंचोळ्या जागेत प्रवाह असतो, तिथे बर्फ पातळ राहतो. वर जाड हिम पडलं असेल तर ते गोधडीसारखं पांघरूण होतं, खालचा बर्फ वाढत नाही. शिवाय त्याच्या वजनाने बर्फ दबून भेगांतून पाणी वर येतं आणि चिखलाच्या रबड्यात गाडी रुतते.

मालकाला विचारायचा प्रश्न म्हणून हा असा: "आज तुमच्या रस्त्यावर किती इंच आहे, आणि कधी मोजलं?" चांगला रिसॉर्टवाला ताबडतोब आकडा आणि जागा सांगतो. "भरपूर आहे, काळजी नको" हे उत्तर मला चालत नाही.

न्यायची सोय असेल तर तीच घ्या, चार पैसे जास्त पडले तरी. लेक ऑफ द वुड्सवर बॉम्बार्डियर नावाची जुनी, पट्ट्यांवर चालणारी बंद गाडी असते. आत दोन बाकं समोरासमोर, गुडघ्याला गुडघा, डिझेल-पेट्रोलचा वास आणि छोट्या गोल खिडक्या. खडखडत जाते, पण हिमातून, रबड्यातून जाते, आणि चालवणाऱ्याला कालची भेग आज कुठे सरकली ते ठाऊक असतं.

आपलीच गाडी न्यायची झाली तर रिसॉर्टने आखलेला रस्ता सोडायचा नाही. त्या रस्त्याचे पैसे घेतात, ते योग्यच आहेत. भेगेवर टाकलेल्या पुलावरून एका वेळी एकच गाडी. सीटबेल्ट काढलेला, खिडक्या खाली, वेग अगदी कमी, पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर. रस्त्यावर जी सवय तुमचा जीव वाचवते, ती सीटबेल्टची सवय इथे उलटी. भाड्याची गाडी असेल तर बर्फावर नेऊच नका, करारात डांबरी रस्ता सोडून जायला बहुधा मनाई असते. स्वतःच्या गाडीचा विमा बुडालेल्या गाडीला लागू होतो का हे एजंटला आधी विचारा.

रात्री बर्फ आवाज करतो. लांबून तोफ उडाल्यासारखा, कधी थेट पायाखालून. थंडी वाढली की बर्फ आकुंचन-प्रसरण पावतो, त्याचे हे आवाज. तेवढ्याने घाबरायचं कारण नाही. पाणी वर आलेलं दिसलं, किंवा किनाऱ्याशी उघडं पाणी दिसलं, तर मात्र लगेच फोन.

६. काय न्यायचं

कपड्यांचं सूत्र सोपं: आत सुती काही नको. सुती कपडा घामाने ओला झाला की वाळत नाही आणि थंडी हाडात शिरते. अंगालगत लोकर किंवा सिंथेटिक, वर फ्लीस, त्यावर वारा अडवणारं जाकीट आणि स्नो पँट. बूट एक नंबर मोठे, म्हणजे दोन मोज्यांत बोटं हलतात. घट्ट बुटात पाय लवकर गारठतात.

बाकी यादी:

- स्लीपिंग बॅग (मुक्कामाला), उशी
- बुटांखाली लावायचे काटे, क्लीट्स. पाय घसरून पडणं हा इथला सगळ्यात नेहमीचा अपघात
- गळ्यात अडकवायचे बर्फाचे टोचे. पाण्यात पडलात तर कडेला रुतवून वर यायला; दुकानात स्वस्त मिळतात, प्रत्येकाला एक
- स्वतःचा बॅटरीवरचा कार्बन मोनॉक्साइड अलार्म
- डोक्याला लावायचा टॉर्च, जास्तीच्या बॅटऱ्या, पॉवर बँक
- पिण्याचं पाणी, पेपर टॉवेल, कचऱ्याच्या दणकट पिशव्या
- घरातल्या घरात घालायच्या जाड चपला
- पत्ते. मासे लागत नाहीत तेव्हा हेच कामाला येतात

खाण्याचं म्हणाल तर घरून शिजवून गोठवून न्या आणि तिथे गरम करा. खिचडी, पिठलं, रस्सा. कांदा चिरत, फोडणी देत बसलात तर छोट्या जागेत वाफ आणि तेल भिंतीवर गोठतं, आणि काही मालक तळणाला मनाईच करतात. चहाचं सामान मात्र सढळ हाताने घ्या.

७. झोपडीत पोचल्यावर पहिला अर्धा तास

सोडायला आलेला माणूस जायच्या आत त्याच्याकडून तीन गोष्टी करून दाखवून घ्या: हीटर बंद-चालू कसा करायचा, गॅसची टाकी कुठे आहे आणि संपली तर बदलायची कोणी, आणि हवेच्या झडपा कुठल्या. थंडी लागते म्हणून लोक झडपेत टॉवेल कोंबतात. कृपा करून हे करू नका. प्रोपेन जळताना हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला ना रंग ना वास. डोकं दुखणं, मळमळ, अकारण झोप येणं अशी लक्षणं दोघांना एकाच वेळी दिसली तर आधी दार उघडा, सगळ्यांना बाहेर काढा, कारण मग शोधा. आपला अलार्म झोपायच्या उंचीवर ठेवा.

मग दार तपासा. आत माणसं असताना ते बाहेरूनही उघडता आलं पाहिजे, असा नियमच आहे.

आत डोक्याच्या उंचीवर हाफ शर्टात बसावं इतकी ऊब आणि पायाशी ठेवलेल्या बाटलीतलं पाणी गोठतंय, हे दोन्ही एकाच वेळी चालू असतं. म्हणून ओले हातमोजे वर टांगा, बिअर आणि आमिष खाली ठेवा. वरच्या बंकवर झोपणारा घामाघूम होतो, खालचा कुडकुडतो. लहान मुलं मधल्या उंचीवर झोपवा.

भोकांवर झाकणं असतात. वापरात नसलेलं भोक झाकलेलंच हवं. आठ-दहा इंचांच्या भोकात माणूस जात नाही, पण लहान मुलाचा पाय गुडघ्यापर्यंत जातो. फोन आणि गाडीची किल्ली तर सरळ तळाला. किल्ली चेन असलेल्या खिशात, चेन लावून. फोन भोकावर ओणवं होऊन फोटो काढायला वापरायचाच असेल तर मनगटाला दोरी बांधा.

दिवसा सगळे दिवे मालवून एकदा भोकात बघा. वरचा हिमाचा थर पातळ असेल तर पाणी खालून हिरवं उजळलेलं दिसतं, आणि उथळ जागी तळसुद्धा.

८. मासा लागावा म्हणून

रॉड हातभर लांबीचा, इथे लांब काठीचा उपयोग नाही. एका माणसाला बर्फात दोन लाइनी टाकता येतात. झोपडीच्या भिंतीला फिरकी लावलेली असते तिला रॅटल रील म्हणतात. ती वापरलीत तर तीही एक लाइन धरली जाते. रीत अशी की एक लाइन हातात घेऊन हलवत राहायची, दुसरी मिनो (आमिषाचा छोटा मासा) लावून स्थिर सोडायची. हलवणाऱ्या गळाने मासा जवळ येतो आणि बऱ्याचदा गिळतो तो स्थिर सोडलेल्या आमिषाला.

खोली आधी मोजा. गळाला वजनाचा चिमटा लावून तळ गाठा, मग फूट-दीड फूट वर घ्या. वॉलआय तळालगत फिरतो. आमिष म्हणून जिवंत मिनो किंवा गोठवलेले शायनर रिसॉर्टवरच मिळतात. उजाडताना आणि मावळतीला तास-दीड तास खरा खेळ असतो, दुपारी पत्ते. भोकावर सायीसारखा बर्फ धरत राहतो, तो उपसायला भज्यांचा असतो तसाच झारा ठेवलेला असतो. लाइन पाण्यात असताना झाऱ्याची कड तिला लागू देऊ नका, धारेने कापली जाते.

मासा वर आला की घाई करा. सोडायचा असेल तर त्याच भोकात, लगेच, ओल्या हाताने. झोपडीबाहेरच्या थंडीत फोटोसाठी धरून ठेवलात तर त्याचे डोळे आणि कल्ले गोठतात. नॉर्दर्न पाइकच्या तोंडात बोट घालू नका, दात ब्लेडसारखे आहेत; पक्कड वापरा. ईलपाउट हा गुळगुळीत, लांबोडका मासा रात्री लागतो आणि शेपटी मनगटाला गुंडाळतो. किळस करून फेकू नका, मांस पांढरं आणि गोड आहे. आपल्या कालवणात तो वॉलआयपेक्षा सरस लागतो असं माझं ठाम मत आहे, आणि इथल्या गोऱ्या मित्रांना ते मुळीच पटत नाही.

९. मोजमाप

आकार आणि संख्येचे नियम तळ्यागणिक वेगळे. लेक ऑफ द वुड्सवर वॉलआय आणि सॉगर मिळून ६, त्यात वॉलआय ४ पेक्षा जास्त नको. साडेएकोणीस ते २८ इंचांमधला वॉलआय सोडून द्यायचा, आणि २८ इंचांवरचा एकच ठेवता येतो. नियम बदलतात, म्हणून जायच्या आठवड्यात डीएनआरची पुस्तिका बघा. मोजपट्टी झोपडीत नसेल तर रिसॉर्टकडून मागून घ्या. ही मर्यादा नुसती दिवसाची नाही, बाळगण्याचीही आहे: घरच्या फ्रीजरमधले मासेही त्यात मोजले जातात, आणि झोपडीत तळून खाल्लेलेही त्या दिवसाच्या हिशोबात येतात.

मासे झोपडीत कापायच्या भानगडीत पडू नका. किनाऱ्यावर रिसॉर्टची माणसं माशामागे थोडे पैसे घेऊन साफ करून देतात. घरी न्यायच्या प्रत्येक फिलेवर खवल्यांसकट एक इंच चौरस कातडी राहिली पाहिजे, म्हणजे मासा कुठल्या जातीचा ते तपासणाऱ्याला ओळखता येतं. "साफच करतोयस तर कातडी पण काढ" असं त्याला सांगू नका. ती घरी आल्यावर काढा, मग रवा लावा नाहीतर आगळ.

१०. निघताना

उरलेला जिवंत मिनो तळ्यात सोडायचा नाही, कचऱ्यातच टाकायचा. दयेपोटी भोकात सोडणारे पुष्कळ असतात, पण ते बेकायदा आहे. एका तळ्यातले रोग आणि उपरे जीव असेच दुसऱ्यात जातात.

कचरा आणि शौचाची घाण बर्फावर ठेवायची नाही, थोडा वेळसुद्धा. २०२३ पासून यासाठी वेगळा कायदा आहे आणि दंड १०० डॉलर. झोपडीच्या दाराबाहेर टेकवून ठेवलेली पिशवीही यात येते. पिशवी आत ठेवा, निघताना बरोबर न्या. सिगारेटची थोटकं, भज्याचं तेल, आमटीचं उरलेलं पाणी भोकात ओतू नका.

बर्फावर गाडी, एटीव्ही किंवा स्नोमोबाइल चालवायची असेल तर दारू नको. तळं आहे, रस्ता नाही, असं म्हणून सुटका होत नाही. दारू पिऊन गाडी चालवण्याचा कायदा बर्फावरही लागू आहे.

झोपडी सोडण्याआधी गॅस, भोकांची झाकणं बघून घ्या आणि काही तुटलंफुटलं असेल तर त्याचा फोटो काढून ठेवा, डिपॉझिटवर वाद झाला तर कामाला येतो. ने-आण करणाऱ्याला आणि झोपडी तपासायला फेऱ्या मारणाऱ्याला टिप द्यायची पद्धत आहे. ती रोखीने द्या, कारण तिथे कार्ड चालवायला मशीन नसतं. पुढच्या वर्षीची तारीख हवी असेल तर काउंटरवर त्याच वेळी विचारा. परत येणाऱ्यांना आधी निवड देतात, आणि चांगल्या मालकांचे फेब्रुवारीतले शनिवार मार्चमध्येच जायला लागतात.